मानेवरचा लाल रंग

अण्णा, तुमची चूक आता पुस्तकात छापून आली आहे. जाड, गुळगुळीत कागद आहे, पानं रंगीत आहेत, आणि तिला कुठेही चूक म्हटलेलं नाही, परंपरा म्हटलं आहे. तुमच्या गिरणीची फुटबॉल टीम तुम्ही गेलात तेव्हा कशीबशी रविवारची खेळायची. आज त्याच नावाने एक कंपनी व्यावसायिक क्लब चालवते. प्रशिक्षक परदेशातून येतो, मणिपूरची, केरळची, गोव्याची पोरं पगारावर खेळतात, त्यांचे सामने टीव्हीवर दिसतात. आपल्याच मैदानाला आता चारी बाजूंनी खुर्च्या बसवल्या आहेत. या क्लबने आपला इतिहास लिहवून घेतला, आणि त्यातलं एक अख्खं प्रकरण तुमच्या एका दुपारवर आहे. तुमचं नाव त्यात नाही.

पुस्तक घेऊन क्लबचा एक मुलगा घरी आला होता. प्रसिद्धीचं काम बघतो. मी आता सात रस्त्याच्या मागे चौथ्या मजल्यावर राहते आणि आमची लिफ्ट बहुतेक वेळा बंदच असते, त्यामुळे तो धापा टाकत आला, दोन पेले पाणी प्यायला आणि मग मॅम, मॅम करत त्याने पुस्तक माझ्या मांडीवर उघडून ठेवलं. समोर तो फोटो. गिरणीच्या ऑफिसच्या पायऱ्यांवर अकरा जण उभे आहेत, मधे ढाल, ढालीला हात लावून मॅनेजर. फोटो काळा-पांढरा, त्यामुळे लाल बनियनं काळी दिसतात, आणि प्रत्येकाच्या मानेवर, गळ्यावर, दंडावर काळपट पट्टे आले आहेत. अगदी कडेला तुम्ही आहात. हातात पाण्याची बादली, मान खाली. फोटोखाली लिहिलं आहे की अंतिम सामन्याआधी गिरणी कामगारांनी मैदानातली लाल माती पाण्यात कालवून मानेला फासली आणि शहरासाठी जिंकायची शपथ घेतली. मी तीस वर्षं भूगोल शिकवला, अण्णा. आपल्या मातीचा रंग काळा, हे पाचवीच्या पोराला विचारलं तरी सांगेल. पण क्लबचा रंग लाल, तेव्हा मातीनेही लाल व्हायला हवं.

आता प्रत्येक सामन्याला दारावर लाल रंगाच्या पुड्या वाटतात. लोक ओळीने उभे राहून एकमेकांच्या मानेला फासून देतात, बायका, कडेवरची पोरं, कॉलेजची मुलं, सगळे. त्याचे फोटो काढतात, गाणी करतात. तो मुलगा फोटोतल्या तुमच्यावर बोट ठेवून म्हणाला, ‘‘मॅम, हे सर खाली बघतायत ना, आम्हाला वाटतं ते मातीला नमस्कार करतायत. फार पॉवरफुल आहे हे.’’ आपल्या टीमचा गोलकीपर गोली, त्याच्या नातवाने त्यांना सांगितलं होतं म्हणे, की ही बनियनं कडेला उभ्या असलेल्या माणसाने रंगवली आणि त्याची मुलगी अजून गावात आहे. म्हणून तो आला होता. नव्या हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी मी मैदानावर येऊन चार शब्द बोलावेत, ही परंपरा कशी सुरू झाली ते सांगावं, एवढीच त्याची विनंती. मी म्हटलं, विचार करून सांगते. चहा दिला. तो गेल्यावर मी पुन्हा तुमच्या खाली घातलेल्या मानेकडे बघितलं. मला इतका संताप आला होता की कप विसळताना कान तुटला.

नमस्कार कसला. तुम्ही तोंड लपवत होतात. त्या घरात त्या दिवशी जे झालं ते बघितलेलं माणूस आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, म्हणून सगळं एकदा सरळ लिहून काढते. चुकत असेल तिथे तुम्ही सांगणार नाही हे माहीत आहे, तसंही तुम्ही कधी काही सांगितलं नाहीत.

त्या वर्षी मी दहा वर्षांची आहे. भवानी पेठेतल्या आपल्या दोन खोल्या, आणि तुम्ही गिरणीच्या रंगखात्यातले सगळ्यात नावाजलेले रंगारी. चादरीच्या सुताला तुम्ही दिलेला लाल रंग चादर विरली तरी जात नाही, असं लोक म्हणतात, आणि ते ऐकून तुम्ही ऐकलंच नाही असं दाखवता. टीम तोवर मिळेल ते घालून खेळायची. गिरण्यांच्या ढालीची फायनल दोन दिवसांवर आली तेव्हा कुणीतरी मॅनेजरच्या कानावर घातलं की समोरच्या गिरणीची पोरं निळ्या जर्स्या घालून येणार आहेत. त्याने बाजारातून डझनभर पांढरी बनियनं मागवली. तुम्ही आपण होऊन म्हणालात, मी रंगवतो, लाल करतो. कुणी सांगितलं नव्हतं तुम्हाला. टीमची तुम्हाला हौस होती. संध्याकाळी मैदानाच्या कठड्यावर मला शेजारी बसवून तुम्ही त्यांचा सराव बघायचात आणि मधेच स्वतःचाच पाय झटकायचात, जणू चेंडू तुमच्याकडेच आला होता. तुम्हाला इतकं खूश मी पुढे कधी पाहिलं नाही.

रंगखात्यात पाळी संपल्यावर तुम्ही बनियनं रंगवली आणि ओल्या गोळ्यासारखी बांधून घरी आणलीत. काम एकच राहिलं होतं. त्या लाल रंगाला शेवटी साबणाच्या पाण्यात उकळी द्यावी लागते. धाग्यावर नुसता बसलेला, आत न शिरलेला रंग त्या उकळीत सुटून जातो आणि मग उरलेला जन्मभर हलत नाही. हे मला तुम्हीच शिकवलेलं. तुम्ही आईचं भाताचं पातेलं स्टोवर चढवलंत. आई म्हणाली, ‘‘त्यात उद्या भात शिजवायचा हाय मला. तुमची बनियनं उकडायला मी पातेलं आणलं न्हाय.’’ तुम्ही हसलात आणि पहिलं बनियन साबणाच्या पाण्यात सोडलंत. चांगलं रटरटू दिलंत. बाहेर काढून पिळलंत तर ते माझ्या मापाचं झालं होतं.

तुमच्या तोंडावरचं हसू तेव्हा गेलं. जन्मभर तुम्ही सुताच्या लडी रंगवलेल्या. सूत आटलं काय, न आटलं काय, लडी ती लडीच, पुढे मागावर कुणीतरी तिचं काय करायचं ते बघून घेतं. शिवलेलं कापड तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा रंगात घातलं होतं आणि ते आटेल हे तुमच्या डोक्यातच आलं नव्हतं. तेवढ्यात गोली आला. आपल्या मागच्या गल्लीत राहायचा, गिरणीची पाळी सांभाळून सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायचा, आणि गोलात उभा राहिला की दोन माणसांएवढा वाटायचा. त्याने ते बनियन अंगात घालायचा प्रयत्न केला. छातीवर येऊन अडकलं. तो हात वर करून दाखवायला गेला आणि काखेत उसवल्याचा आवाज आला. ‘‘मिस्त्री, हात उप्पर नै जारे,’’ तो म्हणाला, ‘‘बॉल उप्परसे आया तो क्या मुंडी से रोकूं?’’ आई तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले. तुम्ही हसला नाहीत. ते बनियन तुम्ही मला दिलंत. तुम्ही मला आणून दिलेल्या वस्तूंत मला आवडलेली ती एकच. मी ते विटेपर्यंत घातलं आणि नंतर आईने त्याचं पोछ्याचं फडकं केलं. त्या फडक्याचा रंग शेवटपर्यंत लालच होता.

बाकीच्या बनियनांना तुम्ही उकळी दिली नाहीत. गार पाण्यात खळबळलीत, पुन्हा, पुन्हा, मोरीतून जाणारं पाणी पांढरं दिसेपर्यंत. मग दोरीवर वाळत घातलीत. आणि आता सांगते ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. तुमची रीत होती, रंगवलेल्या कुठल्याही सुतावर ओलं पांढरं फडकं घासून बघायचं. फडक्याला डाग लागला तर रंग कच्चा. त्या दिवशी तुम्ही फडकं ओलं केलंत, पिळलंत, दोरीपाशी गेलात, थोडा वेळ उभे राहिलात आणि फडकं खुंटीला अडकवून आत आलात. मी उंबऱ्यात बसले होते. तुम्हाला माहीत होतं, अण्णा. बघितलं असतंत तर मॅनेजरकडे जाऊन सांगावं लागलं असतं की हे मला जमलं नाही, पोरांना पांढरीच बनियनं घालू द्या. पांढऱ्या बनियनांत खेळले असते तर काय आभाळ कोसळणार होतं? पण रंगखात्यातल्या सगळ्यात नावाजलेल्या रंगाऱ्याला ते सांगवलं नाही.

सामना दुपारचा. उन्हाळ्याचे दिवस, मैदानावर उभं राहवत नव्हतं. पहिली दहा मिनिटं आपली टीम अशी काही देखणी दिसत होती की समोरच्या निळ्यांकडे कुणी बघेना. मग घाम आला. आधी गळ्याभोवती, मग काखेत, मग पांढऱ्या चड्ड्या वरच्या काठाने गुलाबी झाल्या. कुणी चेंडू छातीवर घेतला की चेंडूला डाग. हाताने तोंड पुसलं की गालावर लाल ओघळ. कठड्यावरून एकजण ओरडला, ‘‘अरं, शिमगा सरला न्हवं? ह्यांचा आजून चालूच हाय की.’’ मग सगळं मैदान हसायला लागलं. निळ्या टीमचा कप्तान स्वतःचे हात दाखवत पंचाकडे गेला, ह्यांना धरलं की आमच्या अंगाला लागतंय म्हणून, आणि पंचालाही हसू आवरेना. तुम्ही माझ्या शेजारी होतात. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही स्वतःच्या बोटांकडे बघत होतात.

आपण जिंकलो. एका गोलने जिंकलो, आणि शेवटच्या मिनिटाला गोलीने हात वर करून चेंडू काढला म्हणून जिंकलो. हे मात्र पुस्तकात बरोबर आलं आहे. पोरं तुम्हाला उचलून घ्यायला आली होती, तुम्ही त्यांना हात लावू दिला नाहीत. धावत जाऊन बादली भरून आणलीत, माना धुवा म्हणत एकेकाच्या मागे लागलात. कुणाला धुवायच्या नव्हत्या, सगळे नाचत होते. मॅनेजर फोटोला बोलवत होता. आणि तेवढ्यात रंगमास्तर आले. तेलुगू माणूस, तुम्हाला हाताला धरून काम शिकवणारा, ज्याच्यापुढे तुम्ही कधी बसला नाहीत. त्यांनी आवाज चढवला नाही. सगळ्या टीमसमोर एवढंच म्हणाले, ‘‘उकळी दिली नाही तू. एवढी वर्षं माझ्या हाताखाली काढली आणि कच्चा रंग बाहेर सोडला. मला विचारायचं तरी होतं.’’ मग वळून गेले. फोटो त्यानंतरचा आहे. तुमची मान खाली का आहे ते मला विचारायला हवं होतं त्या मुलाने, पुस्तक छापायच्या आधी.

घरी येताना तुम्ही माझा हात धरला होतात. आईने दारातच विचारलं, ‘‘जिकलं का?’’ तुम्ही चप्पल काढत म्हणालात, ‘‘रंग गेला.’’

लोक विसरले. पुढच्या हंगामात दोन-चार जणांनी टीमला रंगपंचमी म्हणून चिडवलं असेल, नंतर तेही कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. तुम्ही विसरला नाहीत. मैदानावर जाणं सोडलंत. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नाच्या बस्त्याला गेलो होतो तेव्हा दुकानाच्या गादीवर बसून तुम्ही रुमालाचं टोक जिभेला लावून ओलं केलंत आणि शालूच्या काठावर घासलंत. दुकानदार हसत म्हणाला, ‘‘मिस्त्री, माल पक्का हाय, डोळं झाकून न्या.’’ तुम्ही दुसरा शालू ओढलात आणि त्यावरही घासलंत. मग तिसरा. आई जमिनीकडे बघत होती. माझ्या लग्नाच्या वेळीही तेच केलंत, आणि सासरची माणसं समोर बसली होती. घरात कुणी नवीन कपडा आणला की तुमच्या हातून आधी जायचा. आम्ही हळूहळू नवीन कपडे आणणंच कमी केलं. एका दुपारी लोक हसले, आणि त्याचा भुर्दंड आई आणि मी आयुष्यभर सोसत राहिलो. तुम्हाला ते कधी दिसलं तरी का, याची मला अजून शंका आहे.

आणि माझं काय झालं ते तर तुम्हाला दिसलंच होतं. कॉलेजात मुलींची फुटबॉल टीम निघाली. मी पळायचे, चेंडू पायाला चिकटल्यासारखा राहायचा, तुमच्याच शेजारी कठड्यावर बसून सगळं डोळ्यांनी शिकलेली मी. खेळाच्या बाई स्वतः फॉर्म घेऊन घरी आल्या, पालकांची सही हवी होती. म्हणाल्या, ‘‘तुमची मुलगी चांगली खेळते हो. जिल्ह्याला घेतील तिला.’’ तुम्ही त्यांना बसायला पाट दिलात, आईला चहा ठेवायला सांगितलंत, फॉर्म नीट घडी घालून त्यांना परत दिलात. ‘‘न्हाय बाई. रागावू नगा. चारचौघांत आमच्या घरचं एकदा हसं झालंय, पुन्ना नगं.’’ बाईंना काही कळलं नाही. मला कळलं. त्या गेल्यावर मी म्हटलं, ‘‘रंग तुमचा कच्चा निघाला, त्यात माझ्या पायांचा काय दोष?’’ तुम्ही माझ्यावर हात उगारला नाहीत. मोरीत जाऊन पाय धुत बसलात, कितीतरी वेळ, तांब्यामागून तांब्या. त्यानंतर वर्षभर आपण गरजेपुरतं बोललो. मीठ दे, दार लाव, एवढंच.

मी फार मोठी खेळाडू झाले असते असं मी कुणाला सांगत नाही. जिल्ह्याच्या पुढे गेलेच नसते, असंही असेल. पण ते माझं मला कळलं असतं, आणि ते कळण्याचा हक्क माझा होता. तुम्ही तो एक सही न करून नाकारलात, आणि कारण काय, तर कधीकाळी कठड्यावरचा एक माणूस शिमग्याबद्दल काहीतरी ओरडला होता. आज त्याच कठड्याच्या जागी हजारो माणसं हौसेने तोच रंग मानेला फासून उभी राहतात. तुमच्या लाजेची त्यांनी शपथ केली, अण्णा. मग माझं खेळणं नक्की कशासाठी गेलं?

गिरणी बंद पडली तेव्हा टीम मरायलाच हवी होती. ती गोलीने जगवली. टीमच्या नोंदणीचे कागद त्याने दुकानात ट्यूबच्या डब्यात ठेवले, दरवर्षी कुठूनतरी अकरा जण गोळा केले आणि निदान चार सामने तरी खेळवले, म्हणजे नाव कटणार नाही. कंपनीला जुनं नाव हवं होतं, ते त्या डब्यातून मिळालं. पुस्तकात गिरणीच्या मालकाचा पानभर फोटो आहे, त्याच्या दूरदृष्टीवर आठ पानं आहेत. गोलीवर चार ओळी. तुम्ही गेलात तेव्हा तो दहाव्याला आला होता, गुडघे गेलेले, काठी टेकत. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, ‘‘बेटा, उस दिन हम जीते थे. तेरे बाप को किसीने बताया नै क्या?’’ तुम्हाला ढाल आठवतच नव्हती. विषय निघाला की तुम्ही एवढंच म्हणायचात, उकळी द्यायला पायजे होती.

तर त्या मुलाला मी फोन करून येते म्हणून सांगितलं. मी जायचं ठरवलं ते खरं सांगायला. तुमच्यावर सूड म्हणा, क्लबवर म्हणा, मला दोन्ही चाललं असतं. तीन वाक्यं पाठ केली होती. ती माती नव्हती. तो माझ्या वडिलांनी दिलेला रंग होता. तो कच्चा निघाला आणि लोक हसले. बस, एवढं बोलून माईक परत द्यायचा. आरशासमोर उभी राहून म्हणून बघितली तीन-चार वेळा. आवाज कापत नव्हता.

मैदानावर मला खुर्ची दिली, शाल दिली. क्लबच्या मुलींच्या टीमची कप्तान माझ्या मानेला रंग लावायला आली. अक्कलकोटकडची पोर, एकोणीस-वीस वर्षांची, घरी कानडी बोलतात म्हणाली. तिचे गुडघे खरचटलेले होते. ‘‘आज्जी, थंड लागतंय बघा, दचकू नका,’’ म्हणत तिने बोटं टेकवली. मी तिला विचारलं, ‘‘तुझ्या वडिलांनी सोडलं का गं खेळायला?’’ ती म्हणाली, ‘‘सोडलं म्हणजे काय, तेच बसलेत की तिकडं, माझ्यापेक्षा जास्त लाल होऊन.’’ मी तिकडे बघितलं नाही. मला बघायचं नव्हतं.

मग माझ्या हातात माईक आला. सगळं मैदान गप्प झालं. पहिल्याच रांगेत, माझ्यापासून दहा पावलांवर, दोन पोरं बसली होती, माना लाल, आणि ती हसत होती. कशाला हसत होती देव जाणे. फोनमध्ये काहीतरी बघत असतील. मी तोंड उघडलं, आणि पाठ केलेलं पहिलं वाक्य आलं नाही. मी म्हटलं, ‘‘माझ्या वडिलांनी मैदानातली पहिली मूठ उचलली.’’ नंतर थांबलेच नाही. तुम्ही खाली वाकलात, मातीला नमस्कार केलात, एकेका खेळाडूच्या मानेला स्वतःच्या हाताने माती लावलीत, सगळं सांगितलं. पुस्तकात नव्हतं तेही सांगितलं. टाळ्या इतका वेळ वाजत होत्या की मला खाली बसता येईना. तो मुलगा डोळे पुसत होता. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत हे माझ्याच शब्दांत येणार आहे, आणि आता तुमचं नावही येणार आहे.

घरी आल्यावर, मला टीव्हीवर बघितलेल्या माझ्या मुलाने फोनवर विचारलं, आई, तू असं का सांगितलंस, मला तर लहानपणी वेगळं सांगायचीस. मी म्हटलं, अरे, अण्णांची लाज झाकली, मेलेल्या माणसाला कशाला उघडं पाडायचं? त्याला ते पटलं. आई, तू ग्रेट आहेस, म्हणाला. हे पत्र मी त्याला दाखवणार नाही, क्लबला तर नाहीच, आणि तुमच्यापर्यंत ते पोचायचा प्रश्न येत नाही. म्हणून निदान इथे तरी खरं लिहिते. त्या क्षणी तुमचा विचार माझ्या मनात नव्हता. ती दोन पोरं हसत होती आणि मला वाटलं, मलाच हसतायत, आता मी रंगाचं सांगितलं की सगळं मैदान हसेल. मी घाबरले. कॉलेजच्या फॉर्मबद्दल तुम्हाला मी जे बोलले त्यातला एक शब्दही मागे घेत नाही, ते चूकच होतं आणि आजही चूकच आहे. पण चाळीस वर्षं तुमच्या नावाने बोटं मोडली, आणि माझ्यावर पाळी आली तेव्हा मला पाच सेकंदसुद्धा धीर धरवला नाही. राग अजून तेवढाच आहे, अण्णा. फक्त आता तो घेऊन तुमच्यासमोर उभं राहायला मला तोंड उरलेलं नाही.